पेन्सिल खाली ठेव

माझगावच्या उतारावर तिचे काका दात काढतात,
मागच्या खोलीत मी उतारे वाचून घेतो.
उताऱ्यावर उतारा नसतो, असं पहिल्याच दिवशी म्हणालो.
शियाओलानने ते वहीत लिहून घेतलं
आणि अर्थ विचारला.
तीनदा सांगितला. विनोद मेला.

प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर
ती एक बारीक चिनी अक्षर बसवते,
उन्हात निघालेल्या प्रत्येकाला
कुणी छत्री द्यावी तसं.
ओळ संपते तेव्हा तिच्याकडे
सगळे शब्द असतात,
वाक्य नसतं.

पेन्सिल खाली ठेव, मी म्हणतो.
ती ठेवते. मग नखाने लिहू लागते.

मला हे ओळखीचं आहे.
गुहागरच्या शाळेत मीही समास काळे केले,
‘द’चा अर्थ शोधत.
द म्हणजे काहीच नाही, गुरुजी म्हणाले.
मग तो पावलोपावली येतो कशाला?
याला उत्तर नव्हतं, छडी होती.
शियाओलानला हे हिंदीत सांगितलं
तर ती पहिल्यांदा हसली:
सर, हमारे यहाँ भी नहीं है वो.

काल धक्क्यावर पाहिलेली,
गंज चढलेली, नाव पुसलेली
बोट.
आपल्याकडे बोट शेवटी येते.
तिच्या भाषेतही, म्हणाली, शेवटीच.
इंग्रजी आधी बोट सोडतं
आणि मग गंज, मग नाव, मग काल
दोराने मागून ओढत नेतं.
आम्ही दोघं धक्क्यावर उभे,
बोट गेल्यावर तिची वाट बघणारे.

क्रियापदाचं वेगळंच.
तिचं ‘जा’ कालही ‘जा’, उद्याही ‘जा’.
त्यामुळे उताऱ्यातला दीपगृहाचा रखवालदार
बायको जाण्याआधी दारू प्यायला लागला की नंतर,
यावर आमचा सबंध आषाढ गेला.
दोन गुणांचा प्रश्न.
पण तेवढ्यावर, मी तिला म्हटलं,
त्या माणसाचा सगळा दोष अवलंबून आहे.

मग एका शनिवारी काका आत आले,
मास्क हनुवटीखाली, हातमोजा एकाच हातात.
मालकांच्या वकिलाचा कागद. दोन पानं.
मी चाळला. चाळीस वर्षं कचेरीत
असेच कागद चाळत आलो.
‘जागा रिकामी करा म्हणतायत,’ म्हणालो,
‘एकतीस मार्चपर्यंत.’
काका स्टुलावर बसले. बाहेर खुर्चीत
तोंड वासलेला पेशंट तसाच वासलेला.

शियाओलानने कागद ओढून घेतला.
पेन्सिल माझ्या खिशात होती.
तिने मागितली नाही.
बोटही टेकवलं नाही.
ओठ हलले नाहीत.
वाक्याच्या शेवटापर्यंत गेली,
किल्ली विसरल्यासारखी मागे आली,
एका शब्दापाशी उभी राहिली.

‘सर, अनलेस.’
‘काय?’
‘अनलेस. जिना दुरुस्त नहीं किया, तो ही.
किया, तो नहीं.’

मी चष्मा पुसला. परत वाचलं.
पाचवी ओळ, मधोमध,
सहा अक्षरांची ती फट,
आणि तिच्यातून जाणारा
अख्खा दवाखाना.

काका काहीतरी भराभर बोलले, तीही बोलली,
त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही.
नुसते सूर, वर जाणारे, खाली येणारे.
कुठल्या शब्दावर थांबायचं असतं
तेही कळलं नाही.
मी खिशातली पेन्सिल
टेबलावर ठेवली.

काकांनी दुसरा हातमोजा चढवला.
पेशंटचं उरकलं, मग मला हाक मारली.
‘बसा. तीन महिने डावीकडून चहा पिताय.’
‘दुखत नाही हो तितकं.’
‘तोंड उघडा,’ ते म्हणाले.
‘मीपण शेवटपर्यंत वाचतो.’