गोंदूर ते जळगाव

लॉगबुकात एकसष्ट तास.
पैसे घेऊन उडवायची परवानगी नाही,
फुकट उडवायला विमान कोण देतं?

म्हणून सकाळी सहाला गोंदूरच्या हँगरमध्ये मी,
बादली, फडकं, काचेवर चिकटलेली चिलटं.
धावपट्टीवरची कुत्री हाकलते,
कुणाच्याही नोंदी लिहून देते.
मामी विचारते, "पगार कितला वं?"
तास, मी म्हणते.
तिला वाटतं, चेष्टा करते.

आज भामरेसाहेबांचं विमान
दुरुस्तीला जळगावला न्यायचं होतं.
"पेट्रोल माझं, हात तुझे."
पारोळ्याला बोरी, पुढे गिरणा,
केळीचे ओले चौकोन.
अडतीस मिनिटं.

परत एसटीनं. अर्धं तिकीट, उभी.
बांभोरीच्या पुलावर बस अडकली.
सकाळी हा आख्खा पूल
माझ्या अंगठ्याखाली झाकला होता.