बंदराची शेपूट

अकराव्या रकान्यात विचारलंय :
माल कोणत्या बंदरात चढवला?
मी लिहितो, भुसावळ.
न्हावाशेव्याहून फोन. कोणी थत्ते मॅडम.
"अहो, भुसावळला समुद्र कधी आला?"
वाटेत आहे मॅडम, मी म्हणतो.
त्या हसत नाहीत.
खोडून, सही करून, नवीन भरा म्हणतात.

फाटकावरच्या पाटीचा शेवटचा र उन्हानं उडालाय.
कोरडे बंद, एवढंच उरलंय.
उडाला नव्हता तेव्हा बऱ्हाणपूरचा अश्फाक
ट्रकमधूनच ओरडला होता,
"बंदर? किधर है? पिंजरे में?"
केळी भरायला आलेला माणूस. त्याला दुसरं काय सुचणार.

आत चाळीस फुटी डबा घुरघुरतोय.
डब्यात तेरा अंश, बाहेर चव्वेचाळीस.
सावद्याची हिरवी केळी,
बसरा येईपर्यंत पिकायचं नाही
असं बजावून बसवलेली.
यंत्राखाली थेंब थेंब पाणी साचतं
आणि त्यात पोट टेकून वॉचमनचं कुत्रं.
आमच्याकडची भरती ती एवढी.

तापी दाखवून वाद जिंकता येत नाही.
एप्रिलात ती डांगराच्या वेलांना विचारून वाहते.
उखर्डू भोयाची नाव काठावर उपडी, खाली कोंबड्या.
पूल झाला त्या वर्षी त्यानंच उलथवली.
डांबर मात्र दर आखाजीला लावतो,
कशाला, म्हटलं की बिडी शोधायला लागतो.

त्याला रकान्याचं सांगितलं.
बराच वेळ तो नदीच्या खालच्या अंगाला बघत राहिला.
"हे पानी जातं कुठी?"
सुरतेला.
"सुरत बंदर हाय का नाही?"
होतं. म्हणजे आहे. गाळ भरलाय म्हणतात.
"मंग झालं. बंदर तिकडे बसलं असन.
शेपूट त इथलोक आली ना."

हे लिहायला अकराव्या रकान्यात जागा नाही.

मंगळवारी एक रिकामा डबा परत आला.
कोपऱ्यातून गंज ओघळलेला, दाराच्या रबरावर पांढरी पूड.
उखर्डू डांगरं विकायला फाटकाशी बसला होता,
उठून आला. बोट फिरवलं, जिभेला लावलं.
"खारं."
पुन्हा लावलं.
सगळी हयात पाण्यावर गेलेला माणूस,
तोंड वाकडं करून
डब्याकडे असा बघत होता
जसं कोणी ओळखीचं नाव सांगून
भलताच चेहरा दाखवावा.

मग नखानं ती पूड खरवडायला लागला.
"कागद दे एखादा. नातीले दाखोतो."
खिशात तोच होता, परत आलेला,
भुसावळवर आडवी रेघ, बाजूला माझी सही.
त्यानं पुडी बांधली, टोपीत खोचली,
आणि जाताना एक डांगर ठेवून गेला,
पैसे घेतले नाहीत.
जकात म्हणाला.