अच्छेर

पुरातत्त्व खात्याची निळी पाटी दिसते
तिथून शंभर पावलं मागे आम्ही थांबतो.
नियम म्हणजे नियम.
एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो मी,
रेवदंड्यात अजून 'काटेसाहेब' म्हणतात मला,
तोंडावर नाही.

यंत्र भाच्यानं मस्कतहून पाठवलंय.
खराट्यासारखं धरायचं, पण जमिनीला टेकवायचं नाही,
आणि पोफळींच्या मधून हळू चालायचं.
मागून कोर्लईचा जेरोम चाळण घेऊन येतो,
बायकोची, कोलीम चाळायची.
तिला अजून ठाऊक नाही.

शिट्टी वाजली की उकिडवं बसायचं.
वीतभर वाळू, मग काळी चिकण माती,
शिंपल्यांचा चुरा, खापऱ्या,
आणि चाळणीत उरतं ते.
आज सकाळपासून:
बिअरचं बूच. होडीचा खिळा. आणखी एक खिळा.
फिरंग्याच्या बंदुकीची शिशाची गोळी, बोराएवढी.
एक ढब्बू पैसा, घासून इतका गुळगुळीत
की कुठल्या राजाचा ते त्या राजालाच ठाऊक.
एक बटण, त्यावर नांगर;
पण नांगर काय, शाळेच्या बँडच्या बटणावरही असतो.
जेरोम घरच्या बोलीत मोजतो,
उं, दोय, त्रे,
फिरंगी गेले आणि ही कोर्लईत राहिली,
कुणाला खणून काढावी लागली नाही.

दुपारी नाखव्यांच्या बुजलेल्या विहिरीशी
यंत्र शिट्टी सोडून घोरल्यासारखं वाजलं.
कोपरभर खाली लागलं.
लोखंड, गंजाचे पापुद्रे सुटलेलं,
बुडाशी शिशाची गुंडी.
शिसं गंजत नाही. नखानं माती काढली
तर मुकुट.
जेरोम हरखला. "विलायती, साहेब! सरकारी दिसतंय."
सरकारीच होतं.
अच्छेर.

अठ्ठ्याहत्तर साल. किलो येऊन पंधरा-सोळा वर्षं उलटली,
तरी आवडाबाय नाखवीण सोडे शेरावर विकायची.
भर बाजारात, पंचांसमक्ष, जप्त केली मी तिची वजनं.
ती ओरडली नाही. पदराला हात पुसत म्हणाली,
"ने बाबा लोखंड. हाताला पन शिक्का मारून जा."
पंचनाम्यात सात.
अलिबागला पोचली सहा.
वाटेत गोणीपाशी बसलेला एकटा गोमाजी शिपाई.
त्याची एक वेतनवाढ मी रोखली.
खुलासा लिहिता येत नव्हता त्याला,
त्यानं अंगठा उठवला,
आणि निवृत्त होईपर्यंत माझा चहा आणत राहिला,
कधी गार नाही.

तिनं उचललं असेल, गोणीचं तोंड शिवण्याआधी?
की गोमाजीनंच नेऊन दिलं रात्री,
आणि वेतनवाढ गिळून गप्प बसला?
दोघंही आता समन्सच्या पलीकडे.

खिशात अजून छोटा काटा असतो माझ्या, सवय.
चारशे साठ ग्रॅम.
हवं होतं चारशे सहासष्ट.
सहा ग्रॅम गंजानं खाल्ले
की गिऱ्हाइकाचे तिनं,
पूर्वी एका नजरेत सांगितलं असतं.

जेरोमनं वही उघडली.
"कुठल्या काळातलं लिहू?"
मी म्हटलं, माझ्या.
तो हसला, विनोद समजून,
'इंग्रजी अंमल' असं लिहिलं
आणि पुढचा आकडा पुटपुटला:
सेत.

यंत्र बंद करायचं राहिलंय.
पायाशी आडवं पडून
माझ्याच चपलेच्या बकलावर
ते वाजतंय.