तिसरी तार

माझ्या बापाच्या गिटारीला त्या दिवशी पाचच तारा होत्या.
एवढं आधी लिहून घ्या, मग पुढचं विचारा.

तिसरी तुटली होती शनिवारी रात्री,
कापसाच्या गिरणीमागच्या नाचात.
नवी दहा सेंटांना मिळायची
आणि दुकानदार मार्चपासून
टार्व्हरांना उधार देत नव्हता.
मंगळवारी मेम्फिसच्या हॉटेलात
त्याला मागच्या जिन्यानं वर नेलं.
खोलीभर रजया टांगलेल्या, मध्ये यंत्र.
लाल दिवा लागला की सुरू कर, साहेब म्हणाला,
विझायच्या आत संपव.

बापानं वाजवलं. जिथं तिसरी तार यायची
तिथं बोट नुसतं गेलं आणि परत आलं.
एक खड्डा.
ठेच लागावी एवढा.
वीस डॉलर मिळाले, एक बाटली,
आणि कागदावर फुली मारायला जागा.
बापाला सही येत होती. कुणी विचारलं नाही.

पुढं तार आली. तरी तो तिथं बोट तसंच फिरवायचा,
सवय म्हणून,
किंवा दुकानदाराला शिवी म्हणून.

तबकडी किती खपली देव जाणे.
एक तरी समुद्र ओलांडून गेली,
कारण तीसेक वर्षांनी इंग्लंडात,
गालिचे विणणाऱ्या कुठल्याशा गावात,
डेन्झिल पॅस्को नावाच्या सतरा वर्षांच्या पोरानं
सुई उचलून मागं ठेवली, उचलून मागं ठेवली,
आणि तो खड्डा पाठ केला.
खड्डा पाठ केला त्यानं!
सहाच्या सहा कोऱ्या तारा असताना.

मी ते ऐकलं लॉन्ड्रीत,
परक्यांच्या चादरींच्या घड्या घालताना.
आवाज अनोळखी, ढोल अनोळखी,
आणि मध्येच माझ्या बापाची गरिबी,
दहा सेंटांची, जशीच्या तशी.
चादर हातात राहिली.
मुकादमीण म्हणाली, व्हर्लीन, भूत पाहिलंस का?
नंतर कव्हर पाहिलं. गीत, संगीत: डी. पॅस्को.
त्या थांबण्याला आता त्याचं नाव आहे म्हणे,
गिटारीच्या क्लासात शिकवतात.

तो आला तेव्हा एकाहत्तरचा होता.
सोबत फोटोवाला, आणि थडग्यावर दगड बसवायची इच्छा.
माझ्या ओसरीवर रडला.
रडणं खोटं नव्हतं, तेवढं मी सांगेन.
मी विचारलं, तू तिथं थांबतोस का?
तो म्हणाला, मौन. वेदना. जे बोलता येत नाही ते.
असले खूप शब्द होते त्याच्याकडं.
मी त्याला तारेचं सांगितलं.
फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

मग, का कोण जाणे, त्यानं गिटार काढली
आणि त्या जागी तो सूर घातला,
हरवलेला, तिसऱ्या तारेचा.
गोड होता. अगदी बरोबर होता.
पडलेल्या दाताच्या जागी सोन्याचा बसवावा तसा.
मी म्हटलं, थांब.
ती जागा सोड. तेवढी तरी आमची राहू दे.

चोर म्हणाल तर मीही म्हटलंय, वकिलासमोर म्हटलंय.
पण बापानं तरी ती चाल कुठून आणली?
धरणाच्या बांधावर एक खेचरं हाकणारा होता,
सगळे त्याला नुसतं शॅक म्हणायचे.
अर्ध्या तंबाखूच्या वडीवर त्यानं ती शिकवली,
उरलेली अर्धी बाप देणार होता पगार झाल्यावर.
तोवर बांध फुटला.
मरेपर्यंत बाप ताप चढला की म्हणायचा,
शॅकचं देणं राहिलं गं.

डेन्झिलचा चेक घेतला मी. का घेऊ नये?
छप्पर केलं. दात केले.
दगड मात्र अंगणात पडून आहे, कोरा,
कोंबड्या बसतात त्यावर.
एकच नाव कोरायचं म्हणजे पुन्हा तेच झालं.

तुम्ही इतकं लिहून घेताय,
तर शॅकचं खरं नाव
कुणाला ठाऊक असलं तर कळवा.