पत्ती

बुर्लीच्या हळदीत अकरा सेकंद
आयवळे साऊंड मुका झाला.
मी मोजले नाहीत, पोरांच्या व्हिडिओत मोजून दिसतात:
वर गेलेले हात, तसेच वर,
नवरीच्या गालावर अर्धीच लागलेली हळद,
आणि माझ्या स्क्रीनवर गोल गोल फिरणारं निळं चाक.
नवरीची एक मावशी तेवढी थांबली नाही.
टाळ्यांवर तिनं ठेका धरून ठेवला,
गाणं परत आलं ते तिच्या मागं धावत,
अर्धी मात्रा चुकून.

टेंपोत दादा बसलेले. तीस वर्षं बँडात क्लॅरिनेट.
वायरी गुंडाळून होईपर्यंत एक शब्द नाही.
मग म्हणाले, "पत्ती फुटली काय रं?"

म्हणून आज सांगलीत, स्टँडमागच्या गाळ्यात,
खिशात तेवीस हजार, त्यातले आठ भिशीचे.
दुकानातलं पोरगं, तौफिक, चटपटीत,
काचेतनं एक उतरवतं, बटणांखाली लाल-हिरवे दिवे.
"डीजेला हाच शोभतोय, भावा."
शोभेला माझ्याकडं दोन शार्पी हायत.
मला तो कोपऱ्यातला दाखव,
काळा, जाड, तलाठ्याच्या दप्तरासारखा.

पाठीवर कुठल्याशा ऑफिसचा स्टिकर, नंबर चारशे सतरा.
सगळी बटणं धड,
बॅकस्पेस तेवढं झिजून गुळगुळीत.
कोण होतं बाई की बाप्या, काय लिहीत होतं,
आणि एवढं काय पुसत होतं?
माझ्या धंद्यात त्या बटणाचा उपयोग नाही.
वाजलं ते वाजलं.

कंट्रोलर मी घरनं आणलाय, टॉवेलात गुंडाळून.
"वायफाय बंद कर. आता चार्जर काढ."
दोन गाणी एकावर एक. बफर कमी, आणखी कमी.
हेडफोनच्या एका कानानं ऐकतो, गाणं नव्हे,
गाण्याच्या तळाशी कुठं
उन्हातल्या शेंगा फुटल्यागत कडकडतंय का ते.
यूएसबीची पिन हलवून बघतो,
पोराचा दुधाचा दात हलवावा तशी.
एक भोक ढिलं. दुसरं घट्ट. तिसरं घट्ट. चालतंय.
पाऊण तास झाला. तौफिकनं दोन चहा सांगितले,
पहिला पाहुणचाराचा, दुसरा वैतागाचा.

स्टुलावरनं उठून दादांनी पंख्याच्या जाळीला तळहात लावला.
"हलगी तापवल्याबिगर बोलत नाय,
आन हे तापलं की मुकं.
उलटंच वाद्य हाय तुझं."

एकवीस पाचशे. एकोणीस. शेवटी वीस आठशेला तुटलं.
"वॉरंटी?"
"महिन्याची."
मी बोटांवर मोजलं, महिन्यात नऊ हळदी.
दहावीपासनं आमचं आम्ही.

उरलेल्यात एक जास्तीचा चार्जर, एक पेनड्राइव्ह,
त्यात सगळी गाणी पुन्हा एकदा.
दादांनी खिशातली काडेपेटी काढली.
बँडात असताना तिच्यात पत्त्या असायच्या,
एक सवयीची, एक नवी,
एक देवावर सोडलेली.
आता एकच निघाली, कडेला चिरलेली, पिवळी.
ती त्यांनी परत खिशात टाकली, नुसतीच,
आणि पेटीत माझा पेनड्राइव्ह तिरका बसवला.
पेटी बंद होईना.
तौफिककडनं रबर मागून घेतलं.

पलूसच्या एसटीत चारशे सतरा मांडीवर,
झाकण मिटलेलं, अजून कोमट.
गुरुवारी कुंडलला हळद आहे.
बुर्लीची ती मावशी
तिथलीच, असं म्हणतात.