पाव राखणारा

हल शहरात पहाटे साडेतीनला
हंबर नदीकडून येणारा वारा खारट असतो
आणि एनिड गार्बटच्या बेकरीचं मागचं दार
विटेचा तुकडा लावून उघडं ठेवलेलं असतं.

आत भट्टी. भट्टीशेजारी फळी.
फळीवर चर्चच्या जुन्या बाजारातून
चाळीस पेन्सला आणलेला शब्दकोश.
'एल'ची पानं पिठानं जाड झालेली,
कारण हात पुसायचं तिला कधी सुचत नाही.

लेशेक पोलंडहून आला त्याला दोन वर्षं झाली.
पोती उचलतो, ट्रे घासतो,
परीक्षेसाठी रोज दहा शब्द घोकतो.
अर्थ लिहून घेतो. समानार्थी लिहून घेतो.
एनिड म्हणते, अर्थ काय, कुणीही सांगेल.
शब्दाचं माहेर विचार.

लेडी म्हणजे कोण?
तो वहीत बघतो: सभ्य स्त्री. बाईसाहेब.
चूक, म्हणते कोपरापर्यंत पिठात बुडालेली एनिड.
लेडी म्हणजे पीठ मळणारी.
हजार वर्षांपूर्वी हेच तिचं काम होतं,
मग कुणीतरी तिचे हात धुऊन
तिला खुर्चीत बसवलं.

आणि लॉर्ड?
पाव राखणारा.
आणि त्याचा चाकर?
पाव खाणारा.
ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी –
एनिडला ही म्हण ठाऊक नाही,
पण हे ऐकताना लेशेकनं जे तोंड केलं
ते नेमकं त्या म्हणीचं होतं.

भट्टी धुमसते. पीठ फुगतं.
शब्दानं शब्द वाढतो.

पाव राखणारा, त्याला जुन्या इंग्रजीत काय म्हणत?
ती बोट ठेवून वाचते: ह्लाफ-वेअर्ड.
ह्लाफ म्हणजे लोफ. पुढचा ह आम्ही कुठेतरी गाळला.

लेशेकच्या हातातला ट्रे थांबतो.
ह्लाफ?
आमच्याकडे पावाला ख्लेब म्हणतात.

दोघं एकमेकांकडे बघतात.
मग ती चष्मा कपाळावरून खाली ओढून
बराच वेळ पानात खाली खाली जाते.
आहे, म्हणते. तुझा ख्लेब आहे इथे.
बारीक अक्षरात आहे, पण आहे.
फार जुन्या काळी तुमच्याकडच्यांनी
आमच्याकडच्यांकडून उसना नेलेला.

म्हणजे मी परत आणला, म्हणतो लेशेक,
आणि ह सकट.

(मी हे लिहितोय त्या भाषेतला पाव
पोर्तुगीज गलबतातून उतरला.
तेव्हा मी कुणाला हसू नये.)

शुक्रवारी मिस्टर स्टेदर आले, लँडलॉर्ड.
भाडं दीडपट, नाहीतर महिनाअखेर जागा खाली.
एनिड बोलली नाही.
तिनं भट्टीतून नुकताच निघालेला पाव
कागदात गुंडाळून त्यांच्यापुढे ठेवला:
राखा.

ते ओशाळले की काय, कळलं नाही.
म्हणाले, बाई, डॉक्टरांनी पाव बंद केलाय,
पोटाला सोसत नाही.
आणि सही करायला पेन मागितलं.

त्यानंतर लेशेक हसायचा थांबेना.
एनिड आधी चिडली,
मग तीही पोत्यावर बसून
डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली,
आणि त्यातलं काही पाणी हसण्याचं नव्हतं.

त्या रात्री भाड्याचा हिशेब झाला नाही.
दोघांनी तो पाव मोडला, लोण्याशिवाय.
एकत्र पाव खाणारा तो कंपॅनियन, ती म्हणाली.
लेशेकनं हा शब्द वहीत लिहिला नाही.

विटेजवळ एक कुत्रा येऊन बसला होता,
गल्लीतला, कुणाचाच नसलेला.
आणि हा? लेशेकनं विचारलं. डॉग?
'डी'ची पानं अजून स्वच्छ, एकमेकांना चिकटलेली.
एनिडनं नखानं ती सोडवली.
मूळ अज्ञात, तिनं वाचलं.
एवढा रोजचा शब्द,
पण कुठून आला, कुणालाच माहीत नाही.

कुत्र्यानं कडेचा करपलेला तुकडा उचलला
आणि नदीच्या बाजूनं निघून गेला.