बुधवारची गोळी

दर बुधवारी रात्री जेवणावर एक पिवळी.
रोज सकाळी अर्धी पांढरी,
तिचा उरलेला अर्धा मी कागदात गुंडाळून
मिरीच्या डब्याखाली ठेवते.
असं बारा वर्षं.

सोडे सोलणारी बोटं होती ही,
आचऱ्याच्या बंदरात दिवसाला चार पाट्या.
आता सकाळी आठपर्यंत
कपाचा कानही धरत नाहीत.

पण सांगायचंय ते दुसरंच,
डॉक्टरला सांगण्याजोगं नव्हे:
मला डास चावत नाहीत.

तिन्हीसांजेला ते खाडीकडून येतात
चिखलाचा वास घेऊन.
हे जाळं शिवत बसलेले,
मांडीवर थाप, मानेवर थाप, शिवी, पुन्हा थाप.
जाऊ शेवंता पाय पदरात घेते,
सोडणांचा धूर करते, स्वतःच खोकते.
मी पायरीवर, पोटऱ्या उघड्या,
जसं काही मी तिथं नाहीच.

"गोळयांनी तुझा रगत कडू झाला गे,"
शेवंता म्हणाली, "डासाक पण नको!"
हसली ती. मीही हसले.
रात्री कांदा चिरताना आदोळीवर बोट कापलं
तेव्हा कोणी बघत नाही असं बघून
चाटून पाहिलं.
खारट.
सगळ्यांचं असतं तेवढंच.

तरी मोजायला लागले.
कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने आखले,
त्यांचे सतरा, नऊ, एका रात्री बावीस,
माझ्याकडे शून्य, शून्य,
शून्य.
यांना वाटलं मी दुधाचा हिशेब लिहिते.

मग हत्तीरोगाची तपासणी आली.
रात्री नऊला बॅटरी घेऊन धुरी,
आरोग्य केंद्राची पिशवी, काचपट्ट्या.
आम्हा तिघांची बोटं टोचली.
थेंब शेजारी शेजारी वाळत होते,
कुठला कोणाचा ते नंबरावरून कळत होतं,
रंगावरून नाही.
विचारलं, "गोळयेचो वास येता काय ओ डासांक?"
धुरी जरा थांबले.
"श्वास कळता त्यांका. घाम कळता.
गोळयेचा माका म्हायत नाय."
म्हायत नाय म्हणणारा माणूस
माझ्या दवाखान्यांच्या सगळ्या फेऱ्यांत
हा दुसराच.

भाद्रपदात हे पुतण्याच्या साखरपुड्याला
मालवणात राहिले. शेवंताही गेली.
मच्छरदाणीत मी एकटी,
चारी कडा गादीखाली खोचलेल्या.
पहाटे उठले तर कोपऱ्यातल्या शिवणीवर
तो बसलेला,
पोट फुगलेलं, उडायला जड झालेला.
टाळी मारली. बोटं ठणकली.
तळव्यावर लाल.

मच्छरदाणीत माझ्याशिवाय
कोणीच नव्हतं.

दंड बघितले, पोटऱ्या, आरशात मान.
कुठं गांध नाही, लाली नाही, काही नाही.
मग हळूहळू उमगलं.
चावत होते.
बारा वर्षं चावतच होते बहुतेक,
अंगच ओ देत नव्हतं.
त्या अर्ध्या पांढरीनं त्याला सांगितलेलं,
भांडू नकोस, स्वतःच्याच सांध्यांशी भांडू नकोस,
आणि त्या वेड्यानं
सगळीकडचंच भांडण सोडलं.
असं असावं. धुरींना विचारायला हवं.
कदाचित म्हणतील, म्हायत नाय.

हात लगेच धुतला नाही.
कॅलेंडर उलटं करून शून्यांच्या खाली
एक काढला,
वाकडा आला, बोटांमुळे.

संध्याकाळी सगळे परत.
धूर झाला, थापा सुरू झाल्या.
मी पायरीवरून उठून
शेवंताच्या शेजारी, धुरात जाऊन बसले.
"काय गे," तिनं विचारलं, "तुका पण चावले?"
"होय तर," म्हटलं,
आणि खाज नसलेली पोटरी
नखानं सावकाश
खाजवली.